कोणतं मंगरूळ?

अमरावतीच्या एसटी स्थानकावर उभे राहून आपण नुसते 'मंगरूळ' म्हटले, तर वाहक तिकीट देत नाही. तो मान वर करून विचारतो, "कोणतं मंगरूळ?" कारण धामणगावच्या बाजूला मंगरूळ दस्तगीर आहे, नांदगाव खंडेश्वरकडे मंगरूळ चव्हाळा आहे, आणि वाशीम जिल्ह्यात, दादा हयात कलंदरांच्या दर्ग्याच्या आसऱ्याला वसलेले आमचे मंगरूळपीर आहे. पहिल्या शब्दाने वाहकाचा हात तिकिटाकडे जातो, दुसऱ्या शब्दाने वाट ठरते. 'पीर' हे दोन अक्षरांचे शेपूट उच्चारल्याशिवाय या गावाची ओळख पुरी होत नाही, ही गोष्ट आम्ही मंगरूळकर लहानपणापासून इतक्या सहजपणे जगतो, की ओळख म्हणजे एकदा नव्हे, दोनदा पटणारी खूण असते हे आम्हांला वेगळे शिकावे लागत नाही.

त्याच लहानपणात आणखी एक वस्तू माझ्या डोळ्यांपुढे राहिली आहे. ओळखीच्या एका घरी ओसरीवरच्या कोनाड्यात एक स्टीलचा पेला वेगळा ठेवलेला असे. घरातल्याच एका माणसाला 'ती' लागण झाली होती, आणि म्हणून त्याचा पेला इतर पेल्यांत मिसळत नसे. त्या पेल्याला कुणी नाव ठेवले नव्हते, तरी घरातली पोरेसोरेसुद्धा त्याला हात लावत नसत. पुढे जीवशास्त्र वाचू लागलो, एचआयव्ही हा विषाणू माणसाच्या पेशीला कसा ओळखतो आणि तिच्यात कसा शिरतो याची वर्णने हाती आली, तेव्हा पानापानांतून मला दोन गोष्टी आठवत राहिल्या: वाहकाचा तो प्रश्न आणि कोनाड्यातला तो पेला. या विषाणूने माणसांना दिलेले दुःख अपार आहे. ते मनात धरूनच आज आपण त्या प्रवेशाच्या क्षणाशी थोडे रेंगाळू या, जसे एखाद्या कवितेच्या एकेका शब्दाशी रेंगाळतो तसे.

प्रथम त्या पाहुण्याचे बाह्यरूप पाहू. सुमारे १०० ते १२० नॅनोमीटर व्यासाचा हा गोल, म्हणजे आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे सातशे सहज ओळीने मावतील. त्याच्या अंगावरचे पातळ स्निग्ध पटल त्याचे स्वतःचे नाही. ज्या मानवी पेशीतून तो जन्मला, तिचेच पटल अंगाभोवती लपेटून तो बाहेर पडतो. माहेरचा शेला पांघरून निघावे तसा. आपल्या शरीराला तो परका वाटू नये याची पहिली तजवीज या शेल्यातच आहे. मात्र शेल्यावर त्याची स्वतःची अशी थोडी नक्षी असते: पटलातून वर आलेले प्रथिनांचे तुरे. फ्लूच्या विषाणूवर असे तुरे शेकड्यांनी दाटलेले असतात, आणि याच्यावर सरासरीने किती, तर अवघे चौदाच्या आसपास. इतक्या तुटपुंज्या सामग्रीवर हा सारा प्रवास तोललेला आहे हे कळते तेव्हा आपण त्या प्रत्येक तुऱ्याकडे अधिक जवळून पाहू लागतो.

एक तुरा हातात घेऊ. आमच्या भागात देशी पऱ्हाटीचे न उकललेले बोंड ज्यांनी पाहिले आहे, त्यांना याची रचना समजायला वेळ लागणार नाही. बहुधा तीन कप्पे, एकमेकांना घट्ट बिलगलेले, आतला ऐवज बाहेरून न दिसणारा. विषाणूचा तुराही तीन सारख्या भागांचा असतो. प्रत्येक भागात वरची टोपी जीपी १२० या प्रथिनाची आणि खालचा देठ जीपी ४१ या प्रथिनाचा. मुळात ही दोन्ही एकाच लांब साखळीची लेकरे. मानवी पेशीतलीच एक कात्री त्या साखळीला दुभंगते आणि मग टोपी देठावर नुसती टेकून राहते. या टोपीवर शर्करेच्या साखळ्यांची दाट लव असते, इतकी की जीपी १२० चे जवळजवळ निम्मे वजन त्या शर्करेचेच भरते. ही साखरही आपल्याच पेशीने चढवलेली! म्हणून शरीराचे पहारेकरी जवळ येतात, ओळखीची गोडी चाखतात आणि बहुधा पुढे जातात. न उकललेल्या त्या बोंडात मर्माच्या जागा दडलेल्या राहतात.

आता आपण पेशीच्या बाजूला येऊ, कारण ओळख दोघांची असते. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर सीडी ४ नावाचे प्रथिन उभे असते, चार मणी एकावर एक ओवल्यासारखे. ते विषाणूसाठी तिथे उभे नाही, हे प्रथम मनावर ठसवून घ्यावे असे वाटते. त्याचे जन्मकार्य फार सुंदर आहे. शरीरात कुठे परके काही शिरले, की त्याचा एखादा तुकडा दुसरी पेशी आपल्या ओंजळीत धरून दाखवायला आणते. ती ओंजळ नीट स्थिर धरायला, 'दाखव पाहू' म्हणत हात पुढे करायला सीडी ४ असते. या भेटीतूनच मदतनीस टी पेशी जागी होते आणि साऱ्या संरक्षक दळाला हाक देते. म्हणजे जो हात परक्याची ओळख पटवण्यासाठी पुढे झालेला आहे, नेमका तोच हात हा परका पकडतो. १९८४ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समधल्या संशोधकांनी हे दाखवून दिले, तेव्हापासून या आजारातली सर्वांत व्याकूळ करणारी गोष्ट हीच राहिली आहे, की इथे राखणदाराच्या पुढे केलेल्या हातावरच घाला पडतो.

पण 'पकडतो' हे क्रियापद फार ढोबळ झाले. प्रत्यक्षात काय घडते ते १९९८ मध्ये पीटर क्वाँग, वेन हेंड्रिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्फटिकावर क्ष-किरण पाडून अणूअणूंच्या पातळीवर दाखवले, आणि त्या चित्रातला एक तपशील असा आहे की त्याच्यापाशी कितीही वेळ थांबावे. सीडी ४ च्या सर्वांत वरच्या मण्यावर एक लहानसे वळण आहे. त्या वळणाच्या टोकाशी, साखळीतल्या ४३ व्या क्रमांकावर, फिनाइलअॅलॅनिन हे अमिनो आम्ल आहे: सहा कार्बन अणूंचे एक चपटे कडे, जणू बोटातली अंगठी. हे कडे जीपी १२० मधल्या एका खोल खळगीच्या तोंडाशी असे बसते, की खळगी त्याच्यासाठीच कोरली असावी. जवळच ५९ व्या क्रमांकावरचे आर्जिनिन आपला धन भार घेऊन समोरच्या ऋण भाराला हात देते. संपूर्ण मीलनाचा विस्तार पुष्कळ मोठा आहे, पण सारा पीळ या एका कड्याभोवती आहे. आपण शरीर, रोग, मृत्यू असे थोर शब्द वापरतो, आणि इथे सहा अणूंचे एक कडे एका खळगीच्या काठावर टेकते, तेवढ्यावर एका आयुष्याची दिशा वळते.

कुलूप आणि किल्लीची उपमा इथे ओठांवर येते, पण क्षणभर थांबले तर तीही अपुरी वाटू लागते. किल्ली कुलपात फिरते, तरी ती किल्लीच राहते. इथे मात्र स्पर्श झाला की स्पर्श करणाराच बदलतो. सीडी ४ ला भेटण्यापूर्वी जीपी १२० ची अंगलट सैल, डुलणारी असते. भेटीनंतर ती बांधेसूद होते, ती खळगीसुद्धा या भेटीतच आकाराला येते. मिटलेल्या बोंडाचे तीन कप्पे बाहेरच्या अंगाला सरकतात, माथ्यावर दुमडलेली वळणे बाजूला होतात, आणि इतका वेळ झाकलेली एक जागा उघडी पडते. दिवाळीच्या आगेमागे पऱ्हाटीच्या शेतात आपण सकाळी मिटलेले बोंड पाहून जावे आणि परतताना ते उकललेले दिसावे, तसे हे. फरक इतकाच, की बोंड उन्हाने उकलते आणि हे केवळ योग्य स्पर्शाने. ही मर्माची जागा आधीपासून उघडी असती, तर शरीरातल्या प्रतिपिंडांनी तिला केव्हाच गाठले असते. म्हणून ती पेशीच्या अगदी जवळ, शेवटच्या क्षणी उघडते. पहिला शब्द उच्चारला गेला आहे. 'मंगरूळ' म्हणून झाले आहे. आता पेशीचा दारवान जणू विचारतो, "कोणतं?"

या प्रश्नाचे उत्तर बरीच वर्षे कुणाला ठाऊक नव्हते. उंदराच्या पेशीवर मानवी सीडी ४ बसवले, तरी विषाणू तिला चिकटून बाहेरच राही. म्हणजे सीडी ४ हे पुरेसे नव्हते. आणखी काहीतरी मानवी हवे होते. १९९५ च्या अखेरीस रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की दाहाच्या जागी पांढऱ्या पेशींना बोलावणारे काही संदेशरेणू या विषाणूला अडवतात. ते का अडवतात, या लहानशा 'का'मधून १९९६ हे वर्ष उजळले. त्या वर्षी एडवर्ड बर्गर यांच्या गटाने सीएक्ससीआर ४ हे एक सहग्राही प्रथिन शोधले, आणि पाठोपाठ वेगवेगळ्या प्रयोगशाळांना जवळजवळ एकाच वेळी सीसीआर ५ सापडले. पेशीच्या पटलातून सात वेळा आत-बाहेर करत शिवलेला हा धागा म्हणजे त्या संदेशरेणूंची हाक ऐकणारा कान. विषाणू याच कानाशी दुसरा शब्द उच्चारतो, 'पीर' म्हणतो, आणि ओळख पुरी होते. संदेशरेणू त्याला का अडवत होते, तेही आता उमगते: कानाशी आधीच कुणी बोलत उभे असेल, तर दुसऱ्याचा शब्द तिथे पोचणार कसा?

हा दुसरा शब्द जीपी १२० वरच्या सुमारे पस्तीस अमिनो आम्लांच्या एका वळणाने बोलला जातो. त्याला व्ही ३ म्हणतात, आणि त्याच्या टोकाशी चार अमिनो आम्लांची एक चिमुकली कमान असते. युरोप-अमेरिकेत पसरलेल्या बी उपप्रकारात ती कमान बहुधा ग्लायसिन, प्रोलिन, ग्लायसिन, आर्जिनिन अशी. आपल्याकडे पसरलेल्या सी उपप्रकारात पहिली तिन्ही तीच, पण चौथ्या जागी ग्लुटामिन. अर्थ तोच, लहेजा निराळा. तीच मराठी पुण्यात वेगळी वाजते आणि आमच्या वऱ्हाडात वेगळी, तसेच काहीसे. हा लहेजा नीट ऐकण्याचे मोठे काम महाराष्ट्रातच झाले, याचा मला फार आनंद वाटतो. पुण्यात भोसरीला १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था उभी राहिली. आणि १९९९ मध्ये कविता लोले, रमेश परांजपे आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी पुण्यातल्या सहा जणांच्या विषाणूंची जवळजवळ संपूर्ण जनुकीय संहिता वाचून प्रसिद्ध केली. सहांपैकी पाच शुद्ध सी उपप्रकाराच्या निघाल्या, आणि सहावी ए आणि सी यांचे तुकडे जोडून झालेली, गोधडीसारखी. सुमारे साडेनऊ हजार अक्षरांच्या त्या संहितांमधून आपल्या मातीतल्या विषाणूचा उच्चार जगाने सलगपणे वाचला.

दुसरा शब्द पटला, की टोपी बाजूला होते आणि इतका वेळ तिच्याखाली दबून राहिलेला देठ, जीपी ४१, ताठ उभा राहतो. इथे मला कापसाच्या शेतातून पेरणीच्या शेतात जावेसे वाटते. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर तिफणीचे तीन फण जसे ओल्या मातीत उतरतात, तशी तीन जीपी ४१ ची तीन टोके पेशीच्या स्निग्ध पटलात उतरतात. आता त्यांचे एक टोक पेशीत आणि दुसरे विषाणूत. दोन काठांमध्ये तीन दोर ताणलेले. मग प्रत्येक दोर मध्येच दुमडतो आणि स्वतःवरच परत येतो. आतल्या तीन पिळांवर बाहेरचे तीन पीळ उलट्या दिशेने येऊन बसतात आणि सहा पिळांची एक घट्ट गुंफण तयार होते. दोर दुमडला की काठ जवळ येतात, इतके जवळ की दोन्ही पटले एकमेकांना टेकतात, आणि फोडणी दिलेल्या डाळीवर तरंगणारे तेलाचे दोन थेंब टेकताच एक व्हावेत तशी ती एक होतात. १९९७ मध्ये वेगवेगळ्या गटांनी स्वतंत्रपणे या सहा पिळांचे चित्र टिपले. दार फुटले नाही, भिंत पडली नाही. उंबरठाच विरघळला, आणि आत-बाहेर हा भेद त्या एका बिंदूपुरता नाहीसा झाला.

त्या बिंदूतून आत उतरतो तो प्रथिनांचा एक शंकू, जत्रेतल्या फुटाण्यांच्या पुडीसारखा, षट्कोनांनी विणलेला आणि वळणे साधण्यासाठी नेमके बारा पंचकोन मध्ये पेरलेला. पुडीत आरएनएच्या दोन प्रती. तिथून पुढे आरएनएवरून डीएनए लिहिण्याचा तो उलटा पाठ सुरू होतो, ज्यामुळे या विषाणूंच्या कुळाला रेट्रो हे उपपद मिळाले आणि ज्याचा शोध १९७० मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी लावला. तो पाठ स्वतंत्र रसग्रहणाचा विषय आहे. आपण उंबरठ्यावरच थांबू, कारण आपल्याला जे पाहायचे आहे ते इथेच आहे.

आतापर्यंत ज्या ज्या तपशिलापाशी आपण रेंगाळलो, त्या त्या जागी नंतर औषधाने आपले बोट ठेवले आहे. जीपी ४१ चा दोर दुमडू नये म्हणून त्याच्याच बाहेरच्या पिळासारखी ३६ अमिनो आम्लांची एक साखळी बनवली गेली. एनफुविर्टाइड नावाने ती २००३ मध्ये मान्य झाली. सीसीआर ५ चा कान विषाणूपुरता बंद करणारे माराविरोक २००७ मध्ये आले. जीपी १२० मधल्या त्या खळगीच्या शेजारी बसून बोंडाला उकलूच न देणारे फोस्टेमसाविर २०२० मध्ये आले. निसर्गानेही एका ठिकाणी हीच युक्ती आधी करून ठेवली होती: काही माणसांच्या सीसीआर ५ च्या जनुकातून ३२ अक्षरे गळालेली असतात, आणि आई-वडील दोघांकडून असे जनुक आले तर पेशीवर तो कानच उगवत नाही. बर्लिनमध्ये टिमथी रे ब्राउन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी अशाच एका दात्याच्या मूळपेशी देण्यात आल्या आणि ते एचआयव्हीतूनही बरे झाले. भारतीयांत हे जनुक अतिशय विरळ, आणि असा उपचार सर्वांसाठी नव्हे. तरी एका उंबरठ्याचे बारकाईने केलेले वाचन माणसाला कुठवर नेऊ शकते, याची ती साक्ष आहे.

आणि हे वाचन रोजच्या जगण्यातही उतरले आहे. भारतात ही लागण प्रथम उजेडात आली ती १९८६ मध्ये, तेव्हाच्या मद्रासमध्ये, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या चिकाटीमुळे. सुनीतीताई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थिरावलेल्या मराठी घरातल्या. पुढे वडिलांच्या नावाने उभारलेल्या केंद्रात त्यांनी रुग्णांना औषधाइतकीच माया दिली. २००४ च्या एप्रिलपासून सरकारी केंद्रांतून एआरटीच्या, म्हणजे या विषाणूला रोखणाऱ्या उपचाराच्या, गोळ्या मोफत मिळू लागल्या. या गोळ्या प्रामुख्याने उंबरठ्याच्या आतल्या पायऱ्यांवर विषाणूला रोखतात. त्या नियमाने घेतल्या आणि रक्तातला विषाणू मोजणीत सापडेनासा होऊन तसाच राहिला, तर त्या माणसाकडून शरीरसंबंधातूनही लागण होत नाही. केंद्राच्या बाकावर बसलेली, शाळेची पायरीही न चढलेली एखादी माउली जेव्हा शेजारणीला रक्तातल्या सीडी ४ पेशींच्या मोजणीबद्दल विचारते, "तुहा सीडी फोर किती आला व?", आणि उत्तर ऐकून तिचा चेहरा खुलतो, तेव्हा जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी शोधलेला तो चार मण्यांचा रेणू वऱ्हाडी बोलीत मुरलेला असतो. या माणसांशी नोकरीत, शाळेत, दवाखान्यात दुजाभाव करायला २०१७ च्या कायद्याने मनाई केली आहे. पण कायद्याच्या आधी, आणि कायद्याहून खोलवर, मनाई करते ते हे रेणूंचे वाचनच.

कारण पाहा, केवढ्या अटी आहेत त्या प्रवेशाला! रक्त, वीर्य, योनिस्राव, आईचे दूध अशा मोजक्या द्रवांतून विषाणू आत पोचायला हवा. पुढे सीडी ४ असलेली पेशी जवळ हवी. कडे खळगीशी यायला हवे. बोंड उकलायला हवे. त्याच पेशीवर दुसरी खूण हवी. तिफणीचे फण उतरायला हवेत. डासाच्या पेशींवर सीडी ४ नाही, त्याच्या पोटात विषाणू पचून जातो. अखंड त्वचेवर त्याला दार सापडत नाही. हात हातात घेतल्याने, एका ताटात जेवल्याने, दर्ग्यातला प्रसाद वाटून खाल्ल्याने ही लागण होत नाही. हा विषाणू जात पाहत नाही, धर्म पाहत नाही, चारित्र्य तर मुळीच पाहत नाही. त्याला फक्त त्या दोन खुणा ओळखता येतात. माणसाला माणसापासून दूर सारणारी प्रत्येक ओळख त्यानंतर आपण, आपल्या हाताने, वरून चिकटवलेली असते.

तो कोनाड्यातला पेला मला आता फार स्पष्ट दिसतो. त्याच्या काठावर ना चार मण्यांचा हात आहे, ना तो सात वेळा शिवलेला कान. तिथे कोणतेच मंगरूळ नाही. पोळीचा वास येणाऱ्या त्या घरात आज जाता आले, तर मी तो पेला कोनाड्यातून उचलीन, माठातल्या पाण्याने भरीन, ज्याचा तो होता त्याच्याशेजारी ओसरीवर बसून पिईन, आणि मग विसळून इतर पेल्यांच्या रांगेत ठेवीन, असा की पुन्हा कुणाला तो वेगळा ओळखू येऊ नये.